वेल्डिंगनंतरचा शेक : स्टेनलेस स्टीलला तारतो की मारतो?

धानाची मळणी आटोपली की झाडीपट्टीत राईस मिलची घरघर सुरू होते. भंडारा जिल्ह्याच्या लाखांदूर तालुक्यातील दिघोरी हे याच धानपट्ट्यातले गाव. शेती धानाची, व्यापार धानाचा आणि कारागिराची कामेही बहुतेक धानाशीच बांधलेली. मिलची चाळणी, एलिव्हेटरचे डबे, उष्णा तांदूळ करण्यासाठी लागणाऱ्या भिजवणीच्या टाक्या, वाफेचे पाइप, पाण्याची टाकी अशी कामे वेल्डिंगच्या दुकानात येतात. पूर्वी ही सारी कामे साध्या लोखंडात होत. आता गिऱ्हाईक ‘एसएसमध्येच करा’ म्हणून सांगते. पैसे जास्त देते आणि अपेक्षाही जास्त ठेवते. स्टेनलेस म्हणजे जन्मभर गंज नाही, अशी त्याची समजूत असते.

ही समजूत कुठे आणि का फसते, हे आमच्या कारागीर बंधूंपुढे ठेवावे, म्हणून हा लेख. त्याला निमित्त झाली या परिसरात आम्ही पाहिलेली एक टाकी.

टाकी भिजवणीची होती. पत्रा 304 जातीचा, पावती पक्की, वेल्डिंग नेटके. वर्ष सरायच्या आत वेल्डच्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना, शिवणीपासून दोन-चार मिलिमीटर अंतरावर, तांबूस रेषा उमटल्या. शिवण चांगली, पत्रा चांगला. मधला पट्टा मात्र सडला. पुढे त्याच रेषेतून पाणी झिरपू लागले. मिलवाल्याने उरलेले पैसे अडकवले. कारागिराने पत्रा विकणाऱ्याला दोष दिला. पत्रा विकणाऱ्याने पत्रा तपासून आणला, तर तो अस्सल निघाला.

चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. कारागीर पूर्वी जाड लोखंडाच्या कामावर होता. तिथे तो शिकला होता की वेल्डिंग झाल्यावर शिवण लाल होईपर्यंत शेकावी आणि हळूहळू गार होऊ द्यावी, म्हणजे धातूतला ताण निघून जातो. तेच त्याने इमानदारीने इथेही केले होते. मेहनत केली, गॅस जाळला आणि त्याच मेहनतीने टाकी घालवली. जी गोष्ट साध्या लोखंडाला औषध, तीच स्टेनलेस स्टीलला विष कशी ठरते, ते पाहू.

न गंजण्याचे कारण

आपल्या समाजात कलईचा धंदा पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. भंडारा तर पितळी भांड्यांसाठीच ओळखला जाणारा जिल्हा. पितळेच्या भांड्याला आतून कथलाचा हात दिला की अन्न कळकत नाही, हे कलईगराला सांगावे लागत नाही. स्टेनलेस स्टीलचेही असेच आहे. फरक इतकाच की त्याची कलई आपण करत नाही, ते स्वतःच करून घेते.

स्टेनलेस स्टील म्हणजे लोखंडात निदान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलेला धातू. आपल्या भांड्यांवर ‘18-8’ असा छाप असतो, त्याचा अर्थ 18 टक्के क्रोमियम आणि 8 टक्के निकेल. यातले क्रोमियम हवेतल्या प्राणवायूशी मिळून पृष्ठभागावर एक पापुद्रा तयार करते. तो केसापेक्षा हजारो पट पातळ असतो, डोळ्याला दिसत नाही, पण गंजाला आत येऊ देत नाही. ओरखडा पडला तर हवा लागताच पुन्हा धरतो. कलई उडाली तर कलईगर बोलवावा लागतो. इथे धातू स्वतःच कलईगर आहे. अट एकच : त्या जागी क्रोमियम पुरेसे शिल्लक असले पाहिजे.

हे क्रोमियम ज्या खनिजापासून निघते ते क्रोमाइट आपल्याच जिल्ह्यात पवनीच्या परिसरात सापडते, आणि वरठीचा सनफ्लॅगचा कारखाना स्टेनलेस स्टीलच्या सळ्या बनवतो. धातू आपल्या दारचा आहे. त्याचा स्वभाव मात्र आपण अजून पुरता ओळखलेला नाही.

लाल शेकात काय घडते?

कोणताही धातू काचेसारखा एकसंध नसतो. तांदळाचे दाणे घट्ट दाबून बसवावेत तसा तो बारीक बारीक कणांचा बनलेला असतो. दोन कण जिथे भिडतात त्या रेषेला कणसीमा म्हणू.

पोलादात थोडा कार्बन असतोच. नेहमीच्या 304 पत्र्यात तो 0.08 टक्क्यांपर्यंत चालतो. धातू गार असताना हा कार्बन गप्प असतो. पण तापमान साधारण 425 ते 850 अंश सेल्सिअसच्या दरम्यान गेले की कार्बन जागा होतो, कणसीमेकडे धावतो आणि तिथल्या क्रोमियमला धरून क्रोमियम कार्बाइड बनवतो. या संयुगात वजनाने सुमारे 94 टक्के क्रोमियम असते. म्हणजे एक भाग कार्बन सोळा-सतरा भाग क्रोमियम खाऊन टाकतो.

कोणी म्हणेल, हिशेब केला तर यात बिघडले कुठे? 0.08 टक्के कार्बनने सोळा-सतरापट क्रोमियम खाल्ले तरी ते सव्वा-दीड टक्क्याच्या आतच जाईल. अठरातून दीड गेले तरी साडेसोळा उरले. हिशेब बरोबर आहे, पण वाटप तसे होत नाही. या तापमानात कार्बन चपळ आणि क्रोमियम सुस्त. लांबचे क्रोमियम वेळेवर पोहोचत नाही, म्हणून सगळी वसुली कणसीमेलगतच्या क्रोमियमकडूनच होते. गावात धान्य पुष्कळ असावे, पण सगळा सारा एकाच घराकडून वसूल व्हावा, तसे हे आहे. ते घर उपाशी मरते. कणसीमेलगतचे क्रोमियम गरजेच्या खाली जाते, तिथला पापुद्रा धरत नाही आणि पाणी, आंबलेला रस किंवा आम्ल त्या रेषेतून आत उतरते. कण जागच्या जागी चांगले असतात, पण त्यांना जोडणारी भिंत खचलेली असते. हात लावला तर पत्रा भरड साखरेसारखा झडतो.

या दोषाला तंत्रज्ञ ‘सेन्सिटायझेशन’ म्हणतात आणि वेल्डशेजारी तो दिसला की ‘वेल्ड डिके’, म्हणजे शिवणीची सड. ही सड शिवणीवर न येता थोडी बाजूला का येते, तेही यातून कळते. शिवणीवरचा धातू वितळून लगेच गार होतो. त्याच्या बाजूचा पट्टा मात्र न वितळता नेमका त्या वाईट तापमानात काही काळ रेंगाळतो. टाकीवरच्या त्या दोन समांतर रेषा याच पट्ट्याच्या होत्या.

सर्वांत वाईट तापमान सुमारे 650 ते 700 अंश. कारागिराच्या भाषेत सांगायचे तर गडद लाल. साध्या लोखंडाचा ताण काढण्यासाठी जो शेक देतात, तोही 600 ते 650 अंशांच्या घरातला. म्हणजे एका धातूचे औषध नेमके दुसऱ्या धातूच्या दुखण्याच्या जागी जाऊन बसते. साध्या वेल्डिंगमध्ये हा पट्टा काही सेकंदच त्या तापमानात राहतो. पण वेल्डिंगनंतर शिवण लाल करून हळूहळू गार केली तर कित्येक मिनिटे मिळतात आणि 0.08 टक्के कार्बनच्या पत्र्याला तेवढी पुरेशी होतात.

शहाणेही फसले आहेत

ही चूक फक्त खेड्यातल्या दुकानात होते असे समजू नये. आपल्या महाराष्ट्रात तारापूरला 1969 साली दोन अणुभट्ट्या सुरू झाल्या. त्या अमेरिकन बनावटीच्या, पाणी आतच उकळून वाफ करणाऱ्या जातीच्या होत्या. याच जातीच्या अमेरिकेतील अणुभट्ट्यांमध्ये 304 स्टेनलेसच्या पाइपांना वेल्डशेजारी चिरा सापडल्या. पाणी अत्यंत शुद्ध, कारागीर निवडक, तपासणी कडक. तरीही चिरा गेल्या. कारण तेच : वेल्डशेजारी क्रोमियम हरवलेला पट्टा, त्यात वेल्डिंगचा ताण आणि गरम पाणी. पुढे तिथे कमी कार्बनचे पोलाद वापरात आले आणि कारखान्यात जोडलेल्या पाइपांना पूर्ण उष्णतोपचार देऊन मगच ते बसवले जाऊ लागले.

मग शेक द्यायचा की नाही? उत्तर असे की द्यायचा तर पुरा द्यावा, नाहीतर मुळीच देऊ नये. अर्धा शेक सर्वांत घातक.

पुरा शेक म्हणजे काय?

हरवलेले क्रोमियम परत मिळवता येते. त्यासाठी संपूर्ण वस्तू सुमारे 1040 ते 1100 अंशांपर्यंत तापवावी लागते. हा रंग लाल नव्हे, नारिंगी-पिवळा. या तापमानात क्रोमियम कार्बाइड विरघळते आणि क्रोमियम पुन्हा सगळीकडे सारखे पसरते. त्यानंतरची पायरी तितकीच महत्त्वाची : वस्तू झटपट गार करावी लागते. जाड वस्तू थेट पाण्यात, पातळ पत्रा जोरदार हवेच्या झोताखाली. हळू गार केली तर उतरताना ती पुन्हा त्याच वाईट तापमानातून सावकाश जाईल आणि सारे केलेले वाया. या उपचाराला ‘सोल्युशन ॲनीलिंग’ म्हणतात.

इथे साध्या लोखंडाच्या सवयीचा दुसरा अडथळा येतो. तापलेल्या पोलादावर पाणी मारले की ते कडक होऊन तडकते, हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेले असते. 304 आणि 316 जातीचे स्टेनलेस पाण्याने कडक होत नाही. त्याला पाणी सोसते. सोसत नाही तो रेंगाळणारा शेक.

पण हा पुरा शेक गॅसच्या नळीने देता येत नाही. त्याला संपूर्ण वस्तू मावेल अशी भट्टी, तापमान मोजण्याचे साधन आणि मोठा पाण्याचा हौद लागतो. एवढ्या तापमानात पातळ पत्र्याची टाकी स्वतःच्याच वजनाने वाकते, पृष्ठभागावर काळी खपली धरते, ती आम्लाने काढावी लागते. म्हणून हा उपाय फिटिंग, फ्लँज, पंपाचे भाग, जाड पाइपचे तुकडे अशा भट्टीत मावणाऱ्या वस्तूंसाठी आहे. दुकानात उभ्या केलेल्या टाकीसाठी नाही. टाकी बनवणाऱ्याने दुसरी वाट धरली पाहिजे. ती स्वस्त आहे आणि आपल्या हातातली आहे.

दुकानातली वाट : शेक नको, निवड हवी

पहिली गोष्ट पत्र्याची. 304 ऐवजी 304एल घ्यावा. ‘एल’ म्हणजे कमी कार्बन, 0.03 टक्क्यांच्या आत. कार्बनच नसेल तर क्रोमियम खाणार कोण? या पत्र्याला बिघडण्यासाठी तासन्‌तास वाईट तापमानात ठेवावे लागते, आणि वेल्डिंगमध्ये तेवढा वेळ कधी लागत नाही. खारट पाण्यासाठी 316एल. जिथे वस्तू कामातच सतत गरम राहणार, तिथे 321 किंवा 347 या जाती आहेत. 321 मध्ये टायटॅनियम आणि 347 मध्ये नायोबियम असते. हे धातू कार्बनला आधीच धरून ठेवतात, म्हणून क्रोमियम वाचते.

दुसरी गोष्ट रॉडची. पत्रा ‘एल’ घेतला आणि रॉड साधा वापरला तर अर्धे काम फुकट. 304एलला 308एल, 316एलला 316एल. स्टेनलेसच्या टाकीला साध्या लोखंडाचे पाय जोडायचे असतील तर 309एल.

तिसरी गोष्ट उष्णतेच्या शिस्तीची. स्टेनलेस साध्या लोखंडाच्या जवळजवळ दीडपट फुगते आणि उष्णता मात्र त्याच्या सुमारे एक तृतीयांशच वाहून नेते. म्हणून पत्रा वाकडा होतो, आणि वाकडा झाला की कारागीर तो लाल करून ठोकून सरळ करायला जातो. तिथेच घात होतो. पत्रा वाकल्यावर शेकण्यापेक्षा तो वाकूच नये याची काळजी घ्यावी. टाके जवळजवळ मारावेत, शिवणीखाली तांब्याची पट्टी ठेवावी, बारीक रॉड आणि कमी करंट वापरावा, हात न हेलकावता सरळ अरुंद शिवण घालावी आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सलग न जाता तुकड्यातुकड्याने आलटून पालटून वेल्ड मारावा. एक फेरी झाली की पत्रा 150 अंशांच्या खाली उतरल्याशिवाय दुसरी फेरी घेऊ नये. तापमान दाखवणारा खडू मिळतो. तो नसेल तर हात टेकवता येईल इतका पत्रा गार होऊ द्यावा, म्हणजे चूक होणार नाही. शिवण घट्ट झाल्यावर स्वच्छ पाण्याचे ओले फडके लावायलाही हरकत नाही.

चौथी गोष्ट बाहेरून येणाऱ्या कार्बनची. पत्र्यावर तेल, ग्रीस, रंग किंवा मार्करची खूण राहिली तर तीही जळून कार्बन देते. वेल्डिंगपूर्वी जागा पुसून घ्यावी. गॅस वेल्डिंगमध्ये ॲसिटिलीन जास्त ठेवले तर ज्योतच धातूला कार्बन पाजते. स्टेनलेससाठी शक्यतो आर्गॉनचे टिग वेल्डिंग, नाहीतर चांगला रॉड. गॅस टाळावा.

शिवणीवरचे इंद्रधनुष्य

वेल्डिंगनंतर शिवणीच्या बाजूला पिवळा, तपकिरी, निळा असा रंग चढतो. काही कारागीर तो शोभेचा म्हणून तसाच ठेवतात. हा रंग म्हणजे जळालेला पापुद्रा. त्याच्या खालच्या अगदी पातळ थरात क्रोमियम कमी झालेले असते आणि गंज बहुधा तिथूनच सुरू होतो. पत्रा कितीही चांगला असला तरी हा रंग काढलाच पाहिजे.

तो काढण्यासाठी बाजारात पिकलिंग पेस्ट मिळते. त्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक ही दोन आम्ले असतात. डब्यावर लिहिलेल्या वेळेइतकीच ती ठेवावी, मग भरपूर पाण्याने धुवावे. आधीच शेकून बिघडलेल्या पत्र्यावर मात्र ही पेस्ट जपून लावावी. तिथे आम्लच कणसीमा खात सुटते. शेवटी नायट्रिक किंवा सायट्रिक आम्लाच्या द्रावणाने पुसले की नवा पापुद्रा चांगला धरतो.

येथे एक कळकळीची सूचना. हायड्रोफ्लोरिक आम्ल साध्या तेजाबासारखे नाही. ते कातडीवर पडले तर कधी कधी लगेच दुखतही नाही, पण आत उतरून हाडापर्यंत जाते आणि जीवही घेऊ शकते. रबरी हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय डबा उघडू नये. कॅल्शियम ग्लुकोनेटचे मलम दुकानात आधीच आणून ठेवावे. अंगावर पडलेच तर ताबडतोब पाण्याने धुवावे, मलम चोळावे आणि दवाखान्यात जाऊन आम्लाचे नाव सांगावे. धुतलेले पाणी चुन्याने मारल्याशिवाय नालीत, बोडीत किंवा विहिरीजवळ टाकू नये. शागिर्द पोरांना हे काम देऊ नये.

तसेच स्टेनलेसच्या वेल्डिंगच्या धुरात क्रोमियमचे विषारी रूप असते. वेल्डिंगचा धूर माणसाला कॅन्सर करणारा आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2017 मध्ये दिला. दाराशी उघड्यावर काम करावे, तोंड धुराच्या रेषेत ठेवू नये, चांगला मास्क वापरावा.

आणखी एक बारीक पण नेहमीची चूक. ज्या ग्राइंडरच्या चकतीने लोखंड घासले, तीच चकती किंवा तोच तारेचा ब्रश स्टेनलेसवर फिरवू नये. लोखंडाचे कण पत्र्यात रुततात, चार दिवसांत गंजतात आणि बदनामी स्टेनलेसची होते. एसएससाठी चकती, ब्रश आणि टेबल वेगळे ठेवावे.

लोहचुंबकाचा भरवसा नको

बाजारात पत्रा घेताना लोहचुंबक लावून ‘चिकटत नाही, म्हणजे 304’ असे सांगितले जाते. ही परीक्षा अपुरी आहे. ‘दोनशे सिरीज’ म्हणून विकला जाणारा 201 किंवा 202 पत्राही चुंबकाला चिकटत नाही. त्यात महाग निकेलचा काही भाग काढून मँगनीज घातलेले असते. मँगनीज आपल्या तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींमुळे जिल्ह्याला ओळखीचे आहे. पत्रा वाईट असतो असे नाही. कोरड्या कामाला, रेलिंगला, कपाटाला तो चालतो. पण त्यात कार्बन 0.15 टक्क्यांपर्यंत चालतो, म्हणजे 304 च्या जवळजवळ दुप्पट. वेल्डिंग करून गरम पाण्याच्या टाकीला तो वापरला तर सडीला आमंत्रणच.

उलट जो स्टेनलेस चुंबकाला घट्ट चिकटतो, त्याचे नियमच वेगळे. 430 जातीच्या पत्र्याचे वेल्डिंगने बिघडलेले गुण सुमारे 750 ते 800 अंशांच्या शेकाने बरेचसे परत येतात. चाकू, पंपाचा शाफ्ट अशा वस्तूंसाठीच्या 410 आणि 420 जाती वेल्डिंगआधी तापवाव्या लागतात आणि नंतर शेकल्या नाहीत तर तडकतात. म्हणजे स्टेनलेस हे एकच आडनाव असले तरी घरे वेगवेगळी आहेत. घर ओळखल्याशिवाय शेक देऊ नये.

म्हणून पत्रा घेताना टेस्ट सर्टिफिकेट मागावे, त्यावरचा हीट नंबर पत्र्यावरच्या नंबरशी ताडून पाहावा आणि कार्बनचा आकडा वाचावा. मोठे काम असेल तर वेल्ड केलेला एक तुकडा नागपूरच्या धातू तपासणी प्रयोगशाळेत द्यावा. तिथे आम्लात उकळून तुकडा वाकवून पाहतात. बिघडलेला असेल तर वाकवताच त्याला चिरा पडतात.

बिघडलेल्या टाकीचे काय?

त्या मिलवाल्याने पहिल्यांदा गळक्या रेषेवर पुन्हा वेल्ड मारून घेतला होता. काही महिन्यांत नवी रेषा थोडी बाजूला उमटली. हे होणारच होते. बिघडलेल्या पट्ट्यावर नवा वेल्ड मारला की तो पट्टा पुन्हा तापतो आणि रोग दोन बोटे सरकतो. योग्य दुरुस्ती म्हणजे सडलेला पट्टा दोन्ही बाजूंनी निरोगी पत्र्यापर्यंत कापून काढणे, तिथे 304एलची पट्टी 308एलने जोडणे, रंग काढून धुणे आणि शेक मुळीच न देणे. शेवटी तसेच झाले आणि टाकी चालू झाली. खर्च मात्र दोघांनाही बसला.

भिजवणीच्या टाकीला हे सारे जास्त जाचते, कारण तिथे पाणी बहुधा 60-70 अंशांपर्यंत गरम असते, भिजलेले धान आंबून पाणी आंबट होते आणि बोअरचे पाणी खारट असेल तर त्यात आणखी भर. अशा कामासाठी पाणी आधी तपासून घ्यावे. पाण्यात क्लोराइड जास्त निघाले तर गिऱ्हाइकाला 316एल सुचवावे, आणि किंमत ऐकून तो नाही म्हणाला तर तसे लिहून घ्यावे. वाफेच्या दाबाखाली चालणाऱ्या भांड्यांचे काम मात्र कायद्याने ठरवून दिलेल्या परवानाधारक वेल्डरकडेच द्यावे. तिथे अंदाज चालत नाही.

बिलावर लिहा

या प्रकरणात कोणीही बेइमानी केली नव्हती. तरीही तीन माणसांत वितुष्ट आले, कारण कोणता पत्रा, कोणता रॉड, शेक द्यायचा की नाही, हे कुठेच लिहिलेले नव्हते. उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याची ताकीद दिव्य कुरआनने सूरह अल-बकरामध्ये दिली आहे. आपण ती दुकानाच्या वहीत आणि बिलावर का उतरवू नये? ‘304एल, रॉड 308एल, वेल्डिंगनंतर शेक नाही, पिकलिंग केले’ एवढ्या एका ओळीने उद्याचे भांडण टळते. ज्याला काम येते त्याचे नावही त्या ओळीने होते.

बाजारात फेरी मारताना प्रेषित (स.) यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला आणि आत ओल लागली, तेव्हा त्यांनी त्या व्यापाऱ्याला ओले धान्य वर ठेवायला सांगितले, हा प्रसंग आपल्या घराघरांत सांगितला जातो. धानाच्या मुलखात राहणाऱ्याला तो अधिकच समजतो. वरून चकचकीत बफिंग केलेल्या शिवणीखाली सड ठेवणे हे त्या ओल्या धान्यासारखेच आहे. फरक इतका की वेल्डिंगमधली ओल कारागिराला स्वतःलाही दिसत नाही. म्हणून इथे नुसती नियत साफ असून भागत नाही, इल्मही हवे. गॅसची नळी हाती घेण्याआधी आमच्या कारागीर बंधूंनी धातूची जात विचारावी आणि 304 असेल तर नळी खाली ठेवावी. इन्शाअल्लाह टाकीही टिकेल आणि गिऱ्हाईकही.